पुस्तक मिटून करायचा अभ्यास: परीक्षेच्या तयारीची पद्धत, एकेका पायरीने

परीक्षेच्या वेळी पुस्तक जवळ नसतं. समोर प्रश्न असतो, कोरा कागद असतो, आणि डोक्यात जे आहे ते शोधून, नीट जुळवून, ठरलेल्या वेळात उतरवायचं असतं. आता आपला रोजचा अभ्यास डोळ्यांसमोर आणा. पुस्तक उघडं, हातात हायलाइटर, नजर ओळींवरून फिरते आहे. ज्या कामाची परीक्षा होणार, त्याचाच सराव बहुतेक तासांत होत नाही. ‘वाचताना सगळं समजलं होतं, पेपरात आठवलंच नाही’ ही तक्रार त्यामुळेच सर्रास ऐकू येते. असं म्हणणाऱ्यांची स्मरणशक्ती कमी असते असं नाही. त्यांनी आठवण्याचा सराव केलेला नसतो, एवढंच.

या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीभोवती उभी आहे: अभ्यासाचा मोठा भाग पुस्तक मिटून व्हायला हवा.

आधी थोडं कारण

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं. वाक्यं सहज पुढे सरकतात आणि मन म्हणतं, हे येतं मला. पण पाहिल्यावर ओळखता येणं आणि न पाहता सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग हे स्पष्ट दाखवतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. शिवाय ‘आठवड्याने किती आठवेल’ असं आधी विचारलं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती.

म्हणून अभ्यास करताना ‘जमतंय’ असं वाटणं हा भरवशाचा पुरावा धरू नका. आठवताना डोक्याला ताण पडतो, अडखळायला होतं, वैताग येतो. तो ताण म्हणजेच अभ्यास चालू असल्याची खूण आहे.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित तंत्रांचा सविस्तर आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं ही दोनच तंत्रं सर्वाधिक उपयोगी ठरली. अधोरेखन, सारांश लिहिणं आणि पुन्हा वाचणं यांची उपयुक्तता कमी ठरली. म्हणजे बहुतेकांचा सगळा वेळ ज्या कामात जातो, त्याच कामातून सगळ्यात कमी हाती लागतं.

पायरी पहिली: मैदान पाहून घ्या

अभ्यासक्रम आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवा. प्रश्न सोडवायचे नाहीत, फक्त पाहायचे. कोणत्या प्रकरणातून किती गुणांचं येतं? प्रश्न व्याख्या विचारतात, कारणं विचारतात, की एखाद्या प्रसंगाला नियम लावायला सांगतात? मग सगळ्या प्रकरणांची नावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: न बघता सांगता येतं, अर्धवट येतं, येत नाही. खूण करण्याआधी त्या प्रकरणातला एखादा प्रश्न मनातल्या मनात सोडवून पाहा, नाहीतर ‘येतं’च्या खुणा उगाच वाढतात. या कामाला एक संध्याकाळ पुरते. रंगीत पेनांनी सजवलेलं वेळापत्रक बनवण्यात त्याहून जास्त वेळ घालवू नका.

पायरी दुसरी: पहिलं वाचन, पण प्रश्न घेऊन

समजून घेतल्याशिवाय आठवण्याचा सराव म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. म्हणून पहिलं वाचन सावकाश आणि मन लावून करायचं. आधी मथळे, आकृत्या आणि प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न पाहा. मग एकेक भाग वाचा आणि प्रत्येक भागाशी थांबून ‘हे असं का?’ विचारा.

हृदयाचं प्रकरण घ्या. ‘डाव्या निलयाची भिंत जाड असते’ हे वाक्य पाठ करता येईल. पण का जाड असते असं विचारलं की उत्तर शोधावं लागतं. उजवं निलय रक्त जवळच्या फुप्फुसांपर्यंत ढकलतं, डाव्या निलयाला ते संपूर्ण शरीरात पोहोचवायचं असतं, म्हणून तिथला स्नायू दणकट. आता हे वाक्य एकटं राहिलं नाही, रक्ताच्या प्रवासाशी जोडलं गेलं, आणि प्रश्न कसाही फिरवून आला तरी हाती लागेल.

अधोरेखन करायचं असेल तर पहिल्या वाचनात करू नका, कारण तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या फेरीत, जे आठवलं नाही त्याच्याखालीच रेघ मारा.

पायरी तिसरी: कोरा कागद

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच.

एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटा आणि हाताच्या अंतरावर नको, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कोऱ्या कागदावर मथळा लिहा आणि आठवेल ते सगळं उतरवा. अक्षर, क्रम, पूर्ण वाक्यं यांची फिकीर नको. शब्द, बाण, ओबडधोबड आकृत्या चालतील. आठवणं थांबलं की लगेच पुस्तक उघडू नका. दोन-तीन मिनिटं नुसतं बसा. ‘याच्या आधी काय होतं? आकृतीत डावीकडे काय दाखवलं होतं?’ असं स्वतःला विचारा. बऱ्याचदा याच मिनिटांत आणखी दोन मुद्दे सापडतात.

मग दुसऱ्या रंगाचं पेन घ्या, पुस्तक उघडा आणि जे राहिलं, जे चुकलं ते त्याच कागदावर भरा. आता कागदाकडे पाहा. पहिल्या रंगातलं तुमचं झालं आहे, दुसऱ्या रंगातलं व्हायचं आहे. पुढच्या वेळी संपूर्ण प्रकरण वाचायची गरज नाही, दुसऱ्या रंगावर काम करायचं.

हृदयाच्याच प्रकरणात बहुतेकांना चार कप्पे आठवतात, झडपांची नावं सुटतात. फुप्फुस धमनी ही धमनी असूनही तिच्यातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त वाहतं, हेही हटकून उलटं लिहिलं जातं. अशी चूक आज घरच्या कागदावर सापडली, हा फार मोठा फायदा आहे. पूर्ण खात्रीने चुकीचं लिहिलं आणि लगेच तपासलं, तर ती दुरुस्ती उलट अधिक पक्की बसते, असंही संशोधनात दिसलं आहे. अट एकच, तपासणं चुकवायचं नाही.

पहिल्यांदा कागदावर चारच ओळी येतील. त्या पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात. कृपा करून वळू नका. चार ओळी आल्या तर पुस्तक उघडा, भरा, मिटा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा नवा कागद घ्या.

लिहिण्याचा कंटाळा आला तर बोला. समोर कुणी आहे असं समजून मोठ्याने समजावून सांगा. जिथे ‘ते म्हणजे असं काहीतरी असतं’ अशी गुळमुळीत वाक्यं तोंडून येतात, तिथेच तुमचं समजणं अपुरं आहे. खरोखर ऐकणारं आणि मध्येच ‘का?’ विचारणारं कुणी मिळालं तर फारच छान. गटाने अभ्यास करायचा असेल तर तो याचसाठी करावा: एकमेकांना प्रश्न विचारायचे, पुस्तकं बंद ठेवून. शेजारीशेजारी बसून आपापलं वाचण्यासाठी गट जमवण्यात फारसं काही साधत नाही.

पायरी चौथी: नोट्सऐवजी प्रश्न

पुस्तकातली वाक्यं सुबक अक्षरात वहीत उतरवण्यात तासन्‌तास जातात आणि शेवटी हातात दुसरं एक छोटं पुस्तक येतं, तेही वाचायचंच. त्याऐवजी वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे अरुंद रकान्यात प्रश्न, उजवीकडे थोडक्यात उत्तर. उजळणीच्या वेळी उजवी बाजू हाताने झाका आणि डावीकडचे प्रश्न सोडवा.

प्रश्न कसे लिहायचे यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल लिहा’ हा सरावासाठी वाईट प्रश्न आहे, कारण उत्तर बरोबर आलं की नाही हेच ठरवता येत नाही. त्याचे तुकडे करा. १७८९ मध्ये राजाला एवढ्या वर्षांनी प्रतिनिधींची सभा का बोलवावी लागली? तिसऱ्या वर्गाची मतदानाच्या पद्धतीवर काय हरकत होती? बॅस्तीलवर हल्ला का झाला? या सगळ्यांनंतर एक मोठा प्रश्न ठेवा: आर्थिक कारणं आणि सामाजिक कारणं यांचा संबंध दाखवा. दीर्घोत्तरी विषयांत प्रत्येक मोठं उत्तर पूर्ण लिहायची गरज नसते. पाच मिनिटांत त्याचा सांगाडा, म्हणजे मुद्दे, त्यांचा क्रम आणि प्रत्येकाला एक उदाहरण, न बघता लिहिता आला तरी पुरे. आठवड्यातून एक उत्तर मात्र पूर्ण लिहा, घड्याळ लावून.

सूत्रं, सनावळ्या, व्याख्या, परभाषेतले शब्द यांच्यासाठी कार्डं चांगली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, एका कार्डावर एकच गोष्ट. कागदाची करा किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये, पण स्वतः बनवा; बनवताना निम्मं काम होऊन जातं. आणि उत्तर पाहण्याआधी ते मनात पूर्ण म्हणा. कार्ड उलटून ‘हो, हेच म्हणणार होतो’ असं म्हणणं म्हणजे पुन्हा वाचनच.

पायरी पाचवी: अंतर ठेवून उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचं, असा त्याचा खटाटोप होता. विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं आणि मग मंदावतं, असं त्याला दिसलं. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने विसरला जात नाही, पण कल तोच असतो.

यावरचा उपाय म्हणजे थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवणं. एका बैठकीत सलग तीन तास एकच प्रकरण करण्यापेक्षा तेच तीन तास चार-पाच दिवसांवर पसरले तर जास्त टिकतं. अंतर किती ठेवायचं, हे परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात, चाचणी आठवड्याने असेल तर मधलं अंतर सुमारे एक दिवसाचं आणि चाचणी ३५ दिवसांनी असेल तर सुमारे ११ दिवसांचं ठेवणं सर्वांत फायद्याचं ठरलं.

रोजच्या व्यवहारात एवढं काटेकोर राहायची गरज नाही. परीक्षेला सहा आठवडे असतील तर असं करा. नवं प्रकरण ज्या दिवशी केलं त्याच संध्याकाळी कोरा कागद. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं वहीतले प्रश्न. मग चौथ्या दिवशी, अकराव्या दिवशी, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा. आठवलं तर अंतर वाढवा. नाही आठवलं तर ते प्रकरण पुन्हा उद्याच्या यादीत. पहिल्या पायरीतल्या प्रकरणांच्या कागदावर नावापुढे या तारखा लिहीत गेलात तर वेगळं वेळापत्रक लागतच नाही.

कार्डांसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पेटीची युक्ती सोपी आहे. पेटीचे पाच कप्पे करा. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, पुढचे त्याहून सावकाश. जे येतं त्यावर वेळ जात नाही, जे येत नाही ते पुन्हा पुन्हा समोर येतं.

दिवसाची सुरुवात जुन्याने करा. अर्धा-पाऊण तास उजळणीचे प्रश्न, मगच नवं प्रकरण. उलट क्रम लावला तर उजळणी उद्यावर जाते आणि जातच राहते. ‘पोर्शन संपवायचा’ म्हणून जुनं सोडून पुढे धावणारे शेवटच्या आठवड्यात सगळं पहिल्यापासून सुरू करतात. मला विचाराल तर दोन प्रकरणं कमी झाली तरी चालतील, पण झालेलं हातचं जाऊ देऊ नका.

पायरी सहावी: गणितं मिसळून सोडवा

गणित, भौतिकशास्त्र, लेखाकर्म अशा विषयांत पुस्तकातला प्रश्नसंग्रह एकाच प्रकाराचा असतो. वीस उदाहरणं, सगळी एकाच सूत्राची. तिसऱ्या उदाहरणापासून हात आपोआप चालतो, कारण कोणतं सूत्र लावायचं हे मथळ्यानेच सांगितलेलं असतं. पेपरात मथळा नसतो.

दोन प्रश्न पाहा. दहा जणांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? दहा धावपटूंत पहिले तीन क्रमांक किती प्रकारे लागू शकतील? आकडे तेच, पण पहिल्यात क्रमाला महत्त्व नाही म्हणून उत्तर १२०, दुसऱ्यात आहे म्हणून ७२०. आकडेमोड दोन्हीकडे सोपी आहे. खरं कौशल्य आहे ते दोहोंतला फरक ओळखण्याचं, आणि ते प्रश्न शेजारीशेजारी आले तरच शिकता येतं.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनफळांच्या उदाहरणांवर हेच तपासलं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले.

तेव्हा नव्या प्रकाराची चार-पाच उदाहरणं सलग करा, पद्धत हातात बसू द्या. त्यानंतर वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून, त्या मिसळून, एकेक उचलत सोडवा. सोडवण्याआधी एका ओळीत लिहा: कोणती पद्धत आणि का. आणि सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचून ‘समजलं’ म्हणू नका. काठावर बसून पाहिल्याने पोहता येत नाही. उत्तर झाका, एकेक पायरी स्वतः लिहा, अडलात तर फक्त पुढची ओळ उघडा.

पायरी सातवी: चुकांची वही

प्रत्येक चुकीपुढे तिचं कारण लिहा. ‘सिली मिस्टेक’ हे कारण धरायचं नाही, कारण त्यावर काही करता येत नाही. माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, पद्धत चुकीची निवडली, आकडेमोडीत चिन्ह चुकलं, वेळ संपला: यांपैकी नेमकं काय ते लिहा. दोन आठवड्यांत स्वतःचा नमुना दिसू लागतो. कुणाचे निम्मे गुण ‘नाही’, ‘वगळता’, ‘कोणतेही तीन’ असे शब्द नजरेतून सुटल्यामुळे जातात. त्याला आणखी वाचनाची गरज नसते, प्रश्नातल्या अशा शब्दांभोवती गोल करायची सवय लावायची असते.

पायरी आठवी: पूर्ण पेपर, खऱ्या वेळेत

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत प्रत्येक विषयाचे निदान दोन पेपर सलग बसून सोडवा, शक्यतो परीक्षेच्याच वेळेला. मध्ये उठायचं नाही, पुस्तक नाही, फोन दुसऱ्या खोलीत.

गुणांचा आणि वेळेचा हिशेब आधी करा. समजा तीन तास आणि ८० गुण. वाचायला आणि शेवटी तपासायला मिळून तीस मिनिटं बाजूला काढली तर १५० मिनिटं उरतात, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहून थोडी कमी. पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत आपल्या हातून किती ओळी होतात, हे परीक्षेआधी माहीत हवं.

पेपर सोडवण्याइतकाच वेळ तपासण्याला द्या. नमुना उत्तराशी मुद्देसूद ताडून पाहा, गुण कडक हाताने द्या, चुका वहीत नोंदवा.

लक्ष, फोन आणि झोप

लक्ष लागत नसेल तर फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पोमोडोरो पद्धत करून पाहा: २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती, असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. आकडा पवित्र नाही. गणितात रंगलात तर पन्नास मिनिटंही बसा. पण बसताना काम नेमकं ठरवा. ‘जीवशास्त्र करायचं’ असं नको, ‘रक्ताभिसरणाचे बारा प्रश्न, न बघता’ असं. फोन उलटा करून टेबलावर ठेवणं पुरेसं नसतं, तो हाताच्या आवाक्याबाहेर हवा.

झोपेत दिवसभर शिकलेलं पक्कं होतं. रात्र जागून मिळवलेले चार तास दुसऱ्या दिवशी मंदावलेल्या डोक्याने परत द्यावे लागतात. सात-आठ तास झोप हा अभ्यासाचाच भाग धरा. ‘मी पाहून शिकणारा’, ‘मी ऐकून शिकणारी’ अशा वर्गवारीला मात्र फार महत्त्व देऊ नका. त्या प्रकारानुसार शिकवलं तर जास्त शिकता येतं, याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. आकृती लागते तिथे सगळ्यांनाच आकृती लागते.

एकच आठवडा उरला असेल तर

सगळं वाचून काढायचा हट्ट सोडा. जुन्या प्रश्नपत्रिका काढा, सगळ्यात जास्त गुणांची प्रकरणं निवडा, आणि त्यातही ‘अर्धवट येतं’ या खुणेची आधी घ्या. तिथे थोड्या कष्टात जास्त गुण मिळतात. एक वाचन, लगेच कोरा कागद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भागाचे प्रश्न. अगदी कोरी प्रकरणं शेवटच्या दोन दिवसांत उघडू नका.

आदल्या दिवशी फक्त चुकांची वही, दुसऱ्या रंगाचे कागद आणि पहिल्या कप्प्यात राहिलेली कार्डं पाहा. संध्याकाळी प्रवेशपत्र, पेनं, घड्याळ एका जागी ठेवा आणि नेहमीच्या वेळेला झोपा.

पेपर हातात आल्यावर

सगळे प्रश्न एकदा वाचा. खात्रीचा प्रश्न आधी घ्या. एखादं उत्तर आठवत नसेल तर त्याच्याशी झगडत बसू नका. जागा सोडा, पुढे जा. दुसरं काही लिहिताना ते अनेकदा सापडतं. परत आल्यावर घरी करत होता तेच करा: आजूबाजूचे मुद्दे, आकृती, प्रकरणाचा क्रम आठवा आणि कच्च्या कामाच्या जागेत टिपत जा. मोठ्या उत्तराआधी दोन मिनिटं सांगाडा लिहा.

पेपर संपला की उत्तरं ताडून पाहण्याचा मोह टाळा. घरी या, खा, तासभर विश्रांती घ्या, आणि पुढच्या विषयाची प्रश्नांची वही काढून उजवी बाजू झाका.